घोडियाघराच्या खिडकीतून

३ नोव्हेंबर १९९७, सोमवार

आज दुपारी प्रतापसिंहरावांची नात माझ्या दारात उभी राहिली आणि मला ‘निरुआजी’ म्हणाली.

ज्या घराचे नाव मी इतकी वर्षे तोंडातून काढले नाही, त्या घरातली ही मुलगी. इरा. उंची त्यांची, नाकही त्यांचेच. हातात फराळाचा डबा, खांद्याला कॅमेरा. फाइन आर्ट्समधून नुकतीच बाहेर पडली आहे. बसली आणि एका दमात सांगू लागली.

“आबांचं ‘धुरांड्यांचं गाव’ आहे ना, त्याची नवी आवृत्ती निघतेय. त्यांचा प्रत्येक फोटो आणि शेजारी त्याच जागेवरून आज काढलेला फोटो. आजचे मी काढणार. पण निरुआजी, आबा कुठे उभे होते तेच कळत नाही! त्यांना विचारलं तर म्हणतात, आठवत नाही. शेवटी म्हणाले, ‘निजामपुऱ्यात टिपणिसांची निरुपमा राहते, तिचे वडील मिलमध्ये होते. तिला विचार, तिला सगळं ठाऊक आहे.’”

म्हणजे त्यांनीच पाठवले. किती निर्ढावलेला माणूस!

मी चिरोटा तोंडात टाकला. चांगला झाला होता, तेही आवडले नाही. म्हटले, “दाखवीन की. सगळ्या जागा दाखवीन.”

“खरंच? तुम्ही तर माझी लाइफ बनावून टाकली!” म्हणाली. या मुली मराठी बोलतात की गुजराती, त्यांनाच माहीत. पण हसली तेव्हा गालाला खळी पडली, आणि क्षणभर वाटले, हिला यात कशाला ओढायचे?

क्षणभरच वाटले.

५ नोव्हेंबर

झोप आली नाही. लिहून काढते, म्हणजे डोके ताळ्यावर येईल.

ते फोटो माझे आहेत. एकूण एक. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट यांनी आम्हा चार मुलींना कॅमेरा शिकवला. बी. ए. झाले तेव्हा माझ्या वडिलांनी, नानांनी, मुंबईला परत जाणाऱ्या एका पारशी इंजिनियरच्या हातचा रोलिकॉर्ड कॅमेरा मला घेऊन दिला. वरून खाली बघायचा, पोटाशी धरायचा. काचेत डावे ते उजवे दिसे. नाना मिलमध्ये लेबर ऑफिसर होते, म्हणून मला फाटकावर कुणी अडवत नसे. पण मुलीच्या जातीने कुठे जायचे? जिथे बायका असत तिथे. मी तिथूनच बडोदे पाहिले, आणि तिथूनच काढले.

साठ साली माझे लग्न झाले आणि मी जबलपूरला गेले. निगेटिव्ह एका छोट्या लोखंडी पेटीत होत्या. पेटीला पितळी कुलूप, किल्ली नानांच्या जानव्याला. कॅमेराही त्यांनी ठेवून घेतला. “जबलपूरची हवा दमट, काचेला बुरशी धरेल,” म्हणाले. जबलपूरला मला कधी दमट हवा लागली नाही, पण नानांना माझ्या वस्तूंची काळजी फार.

दोन वर्षांनी पहिल्या बाळंतपणाला आले तेव्हा मिलच्या सुवर्णमहोत्सवाचे पुस्तक, ‘धुरांड्यांचं गाव’, टेबलावर होते. आत माझे फोटो. खाली नाव प्रतापसिंहरावांचे. माझ्या भावाचा मित्र, आमच्या घरी येऊनजाऊन असणारा. नानांना टायफॉइड झाला होता तेव्हा रोज उशाशी बसायला येत असे. तेव्हाच कुलूप फोडले असणार.

मी रडले, भांडले. नाना म्हणाले, “जाऊ दे, बाळ. सोन्यासारखं सासर आहे तुझं. मिलच्या बायांच्या झडतीच्या खोलीत उभं राहून फोटो काढत होतीस, हे तिकडे कळलं असतं तर?” बिचारे नाना. इतके आजारी, आणि तरी माझीच चिंता.

मग त्या पुस्तकावर त्याला बक्षीस मिळाले. मग व्याख्याने. मग सगळ्या शहराने त्याला ‘आबासाहेब’ म्हणायला सुरुवात केली. मी जबलपुरात लोणची घालत होते.

माझे यजमान गोविंद गेल्यावर बडोद्याला परत आले. सिस्टर म्हणायच्या, सूड देवावर सोपवावा. मी सोपवला होता. पण देवाला बडोद्याचे रस्ते माहीत नसावेत.

आता ठरवले आहे. मी एक शब्द सांगणार नाही. इराला फक्त त्या त्या जागी नेऊन उभी करीन. बाकीचे ती डोळ्यांनी पाहील. मला माझे नाव परत हवे, आणि ते त्याच्या सर्वांत लाडक्या माणसाच्या तोंडून हवे.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज सुरुवात मांडवीपासून केली.

फोटोत मांडवीच्या कमानींतून पाळीवर निघालेले सायकलवाले आहेत, वरून घेतलेले. इरा दोन महिने समोरच्या दुकानांच्या गच्च्या धुंडाळत होती. मी तिला गल्लीतून मागच्या जिन्याने वर नेले. तेव्हा तिथे भगिनी शिवणवर्ग होता. पुरुषाने पायरी चढायची नाही असा नियम, आणि जिन्यात बसलेली एक म्हातारी तो पाळून घेई. आज तिथे ब्युटी पार्लर आहे. दारावर पडदा, पडद्यावर पाटी : फक्त महिलांसाठी.

पार्लरवालीने मला खुर्ची दिली. “बेन, थ्रेडिंग?”

“ना रे ना,” मी म्हटले. “अमे तो खाली बारीमांथी फोटो पाडीशु.”

इरा खिडकीशी गेली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुटपुटली, “जागा हीच. पण लेव्हल जमत नाही.” ती वाकली, आणखी वाकली. शेवटी कॅमेरा माझ्या कमरेच्या उंचीला आला तेव्हा कमानी बरोबर बसल्या.

“निरुआजी, आबा सहा फूट आहेत. इतक्या खालून का काढला असेल?”

“बसले असतील.”

“शिवणाच्या क्लासमध्ये?”

“तेव्हाचे पुरुष फार नम्र होते.”

पार्लरमधल्या दोघी हसल्या. इराही हसली. पण उतरताना तिने वळून ती पाटी पुन्हा वाचली. मी जिना उतरले. गुडघे दुखत होते, मन हलके होते.

खाली बाजारात मिलचा एक टॉवेल मिळतो का म्हणून विचारले. पूर्वी दुकानादुकानात थप्प्या असत. दुकानदार म्हणाला, “ए तो गया, बेन. हवे तो बधुं सुरतनुं.” आता सगळा माल सुरतचा.

२३ नोव्हेंबर

रेल्वे वर्कशॉपचा फोटो. करवतीच्या दात्यांसारखी छपरे आणि वाफ. हा मी माईच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, बाळंतपणात काढला होता. बाळंतिणींच्या वॉर्डाच्या व्हरांड्यातून. माई कळा देत होती आणि ओरडत होती, “निरे, तो डबा ठेव आणि पाणी आण!”

तो खासगी दवाखाना बंद होऊन जमाना झाला. आता तिथे कॉम्प्युटर क्लास आहे. व्हरांडा मात्र तसाच. भिंतीवर ऑइलपेंटखालून अजून अक्षरे दिसतात : ‘प्रसूती विभाग. पुरुषांनी येथे थांबू नये.’

इराने ती अक्षरे बोटांनी चाचपली. मग फोटो काढला. पूर्वी जिथे वाफ होती तिथे आज एका मोबाईल फोनची मोठी जाहिरात. तिने एकच फोटो काढला. इतर वेळी अख्खा रोल संपवते.

रिक्षात ती म्हणाली, “आबांचं लग्न तेव्हा झालं नव्हतं ना?”

“नव्हतं.”

“मग त्यांच्या घरात तेव्हा कुणाचं बाळंतपण होतं?”

“मला काय ठाऊक, बाळ? त्यांच्या घरातलं तुला जास्त ठाऊक.”

फतेहगंजला उतरली. नेहमी ‘आवजो’ म्हणते. आज नुसता हात हलवला.

घरी येऊन साखरेचा चहा केला. डॉक्टरांनी बंद केला आहे, पण आजचा दिवस तसा होता.

३० नोव्हेंबर

माझा मुलगा सलील तरसालीहून आला होता. मकरपुऱ्यातल्या त्याच्या कंपनीत स्वेच्छानिवृत्तीचे वारे आहेत, त्यामुळे आधीच वैतागलेला. त्याला मी सगळे सांगितले.

“आई, त्या मुलीने तुझं काय वाकडं केलंय?”

“काहीच नाही.”

“मग तिच्या आजोबाला तिच्यासमोर का नागवं करतेस? सरळ जाऊन त्यांनाच विचार ना.”

“सरळ विचारलं तर ते हसतील आणि चहा देतील. बासष्ट सालीही चहाच दिला होता.”

“आणि नानाआजोबा? त्यांनी तेव्हा काहीच कसं केलं नाही? मिलमध्ये त्यांचं वजन होतं ना?”

“नाना आजारी होते,” मी म्हटले.

“दोन वर्षं?”

सलीलला नाना आठवत नाहीत. त्याला कसे कळणार? संध्याकाळी दिवा लावताना नानांच्या तसबिरीवरची धूळ पुसली. त्यांच्यासारखा मायाळू बाप मी दुसरा पाहिला नाही.

१४ डिसेंबर, रविवार

आज मिल.

हा फोटो सगळ्यांत गाजलेला. पुस्तकाच्या वेष्टनावर आहे. पाळी सुटताना मिलचा चौक, मागे धुरांडे, आणि खालच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली एक पुसट, थरथरती रेघ. त्या रेघेवर लोकांनी काय काय लिहिले आहे! प्रतापसिंहराव व्याख्यानात सांगतात, “वाऱ्याने हललेली तार. मी मुद्दाम येऊ दिली.”

फाटकावर चौकीदार होता. “अंदर साप छे, बेन. संभाळजो,” म्हणाला आणि पुन्हा रेडिओ लावला. यंत्रे भंगारात गेली आहेत. चौकात माणसापेक्षा उंच गांडा बावळ, म्हणजे वेडी बाभूळ. धुरांडे उभे आहे, त्याच्या बुंध्याशी बिल्डरची पाटी : कुठल्याशा ‘रेसिडेन्सी’ची. मी तिथे फार वेळ पाहिले नाही. चौकात एकदम शेकडो बायका सूत झटकत बाहेर पडत, त्यांच्या केसांत कापूस अडकलेला असे, आणि सगळे अंगण पिसांचे झाल्यासारखे वाटे. आज चिमणीही नव्हती.

मी इराला डाव्या हाताच्या बैठ्या इमारतीत नेले. एक लांब खोली, चौकावर उघडणारी एकच खिडकी. छत शाबूत होते. तुळईत ओळीने लोखंडी आकडे.

“हे काय होतं?”

“घोडियाघर. मिलच्या बायकांची तान्ही बाळं इथे ठेवत. प्रत्येक आकड्याला एक घोडिया, पाळणा, टांगलेला. मधल्या सुट्टीत आया येऊन अंगावर पाजत.”

तिने चटकन मागे वळून दाराकडे पाहिले. मग ती खिडकीशी गेली. आता तिला वाकायला सांगावे लागत नाही. कॅमेरा कमरेशी धरला आणि हळूहळू सरकत त्या जागी आली. चौक बसला. धुरांडे बसले. मग तिने पुस्तक काढून ती रेघ पाहिली, वरच्या आकड्याकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले. ओढणी काढून आकड्यात अडकवली, टोक हातात घेतले आणि ओढले. सोडले. पुन्हा ओढले.

ओढणी तिच्या कॅमेऱ्यासमोरून तिरपी जात होती, डावीकडून उजवीकडे, अगदी फोटोत जाते तशी.

“तार नाहीये,” ती म्हणाली. “घोडियाची दोरी आहे. फोटो काढणारं माणूस एका हाताने बाळाला झोके देत होतं.”

ते रखमाबाईचे बाळ होते. रखमाबाई बायकांच्या झडतीवर असायची. बाळ उठले असते तर रडले असते, आणि उजेड जात होता.

“निरुआजी, आबा इथे कसे आले?”

“त्यांनाच विचार.”

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या उंचीकडे. माझ्या हातांकडे. मग तिने ओढणी सोडवून घेतली. धुळीने माखली होती, तशीच गळ्यात टाकली. फाटकापर्यंत ती माझ्या पुढे चालत होती आणि खांदे हलत होते.

इतकी वर्षे मी या क्षणाची वाट पाहिली. वाटले होते, पेढा खाल्ल्यासारखे वाटेल. वाटलेही. पेढ्याच्या मागून येते ती तहानही लागली.

१७ डिसेंबर

प्रतापसिंहरावांचा फोन.

“निरुपमाबाई, पोरगी नीट जेवत नाहीये.”

“तुम्ही काय खायला घालता तिला?”

आवाज थकलेला. म्हातारा झाला आहे. “घोडियाघर दाखवलंत का?”

“तुम्ही पाहिलंय का कधी?”

“नाही.”

“मग ती वाऱ्याने हललेली तार कुठून आणलीत?”

“लोक विचारायचे. काहीतरी सांगावं लागलं. एकदा सांगितलं, मग तेच सांगत राहिलो.” मग म्हणाले, “तुम्हाला काय हवंय?”

मी वाक्य तयारच ठेवले होते. “मिलमध्ये या. इरा असेल, तुमचे प्रकाशक मोहनराव असतील. हा फोटो काढताना जिथे उभे होतात तिथे उभे राहा. बास.”

मला वाटले, आजाराचे निमित्त सांगतील. ते म्हणाले, “बरं. येतो.” मग, “एक विचारू? नानांचा विषय निघेल का?”

“नानांचा काय संबंध?”

“काही नाही. नको निघायला.”

चोराच्या मनात चांदणे. ज्या माणसाच्या आजारपणात घर लुटले, त्याचे नाव घ्यायला कुणाची जीभ रेटेल?

४ जानेवारी १९९८, रविवार

झाले.

सकाळी दहाला मिलच्या फाटकाशी जमलो. प्रतापसिंहराव काळी टोपी, लांब कोट, हातात काठी. पाठ अजून ताठ. आजे-पणजे संस्थानच्या घोडदळात होते, ते कुठे जाते? प्रकाशक मोहनराव मोठ्या उत्साहात. त्यांनी या फोटोवर नव्या आवृत्तीत अर्धे पान लिहिले आहे.

“आबासाहेब, त्या रेघेला मी ‘यंत्रयुगाचा कंप’ म्हटलंय. चालेल ना?”

“तुम्ही म्हटलंय तर चालेल.”

इराने आजोबांना वाकून नमस्कार केला नाही. कॅमेरा हातात घेऊन चौकाच्या मध्ये उभी राहिली. “आबा, उभे राहा. जिथून काढला होता तिथे.”

प्रतापसिंहराव आधी फाटकाकडे गेले. इराने फोटो पाहून मान हलवली. मग ते ऑफिसच्या पायऱ्यांवर चढले. तिथून धुरांडे भलत्याच बाजूला होते. मग बावळीतून वाट काढत, जिथे सूत गुंडाळत त्या रीलिंग खात्याच्या ओट्याकडे. कोटाला काटे लागले. मोहनराव मागून, “अहो साहेब, जपून! साहेब, राहू द्या ना, आम्ही शोधतो!”

मी घोडियाघराच्या सावलीत उभी होते. खिडकी माझ्या पाठीशी. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिले असते तरी कळले असते. पण ते सगळीकडे पाहत होते, माझ्याकडे सोडून. मला त्या काटेरी अंगणातला त्यांचा प्रत्येक फेरा हवा होता. एकही फुकट जाऊ नये असे वाटत होते.

शेवटी ते थांबले. टोपी काढून घाम पुसला.

“इरा, मला माहीत नाही.”

“आठवत नाही, की माहीत नाही?”

“माहीत नाही. मी इथे कधी उभाच नव्हतो. हे फोटो माझे नाहीत. यांचे आहेत.” काठी माझ्या दिशेने केली, पण डोळे वर आले नाहीत.

मोहनराव हसले. त्यांना वाटले, विनय. मग हसू विरले.

“साहेब, पण पुस्तक छापायला गेलंय!”

“परत बोलवा.”

इरा म्हणाली, “तुम्हाला कुणी दिले, आबा?” आवाज अगदी बारीक. “कुणीतरी दिले असतील ना? तुम्ही मागितले, आणि कुणी दिले, असं काहीतरी असेल?”

तिला दार हवे होते. लहानसे का होईना, आजोबांना बाहेर पडता येईल असे दार. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मला वाटले, आता खोटे बोलणार.

“कुणी दिले नाहीत,” ते म्हणाले. “लोभ झाला. घेतले.”

इराने कॅमेरा बंद केला आणि निघून गेली. त्यांच्या गाडीतून नाही, रस्त्यावर रिक्षा थांबवून.

मी प्रतापसिंहरावांजवळून गेले. म्हटले, “घोडियाघर इकडे होतं.” ते म्हणाले, “नानांकडून ऐकलं होतं. फोटो कुठून काढलाय हे नव्हतं ऐकलं.”

दुपारी मी पोटभर जेवले. मग शांत झोपले.

१५ जानेवारी

काल उत्तरायण. गच्चीवर सगळी सोसायटी, ‘काप्यो छे’चा गोंगाट, उंधियू, जलेबी. शेजारची रूपाली म्हणाली, “निरुमावशी, तुम्ही हल्ली तरुण दिसायला लागलात.” मी म्हटले, “सूड घेतला की रंग उजळतो.” तिला थट्टा वाटली.

दुपारी इरा आली. पतंगांच्या मांज्याने बोट कापून घेतले होते. मी हळद लावली. गच्चीच्या कोपऱ्यात बसून म्हणाली, “आबांशी बोलत नाहीये मी. घरात एकाच टेबलावर बसतो. ते मला मीठ विचारतात, मी मीठ देते.”

इथे मी काही मऊ बोलायला हवे होते. सुचले नाही. की सुचले, पण बोलले नाही? मी म्हटले, “तुला पश्चात्ताप होतोय का, पाहिल्याचा?”

“पाहिल्याचा नाही. पण निरुआजी, ते खोटं इतक्या वाईट रीतीने कसं बोलले? माझे आबा नकला करतात, गोष्टी रचतात. त्या दिवशी ‘लोभ झाला’ म्हणाले ते पाठ केल्यासारखं.”

“खरं बोलायची सवय नसली की तसंच होतं.”

आकाशात कापलेले पतंग वाहत होते. पुस्तकाबरोबर या फोटोंचे प्रदर्शनही भरवायचे आहे; त्याच्या पाटीवर कुठले नाव घालू, म्हणून इराने विचारले. मोहनरावांनी सुचवले होते : ‘छायाचित्रे : प्रतापसिंहराव. साहाय्य : सौ. निरुपमा गुप्ते.’

मी म्हटले, “मोहनरावांना सांग, मी त्यांना साहाय्य करायला छापखान्यात येते. आणि सौ. नको, नवरा जाऊन सहा वर्षं झाली.” मग म्हटले, “निरुपमा टिपणीस. साठ साली जे नाव होतं तेच.”

२५ जानेवारी, रविवार

प्रदर्शन उघडले.

सगळ्या भिंतींवर जोड्या. डावीकडे माझे बडोदे, उजवीकडे इराचे. मांडवीखाली : निरुपमा टिपणीस, १९६०. इरा, १९९७. मी ती पाटी चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली. सलील म्हणाला, “आई, पुरे, लोक बघतायत.” बघू देत.

एक बाई जवळ आल्या, माझ्याच वयाच्या. म्हणाल्या, “या फोटोंत बायकांच्या बाजूने बघितल्यासारखं वाटायचं मला नेहमी. पण खाली नाव पुरुषाचं. मला वाटायचं, मीच वेडी.” मला त्यांच्या गळ्यात पडावेसे वाटले. कॉन्व्हेंटच्या मुली गळ्यात पडत नाहीत. हात धरला.

प्रतापसिंहराव आले. कुणी खुर्ची दिली नाही. जे ‘आबासाहेब, आबासाहेब’ करत पुढे धावत, ते आज भिंतींकडे तोंड करून होते. ते घोडियाघराच्या फोटोपुढे फार वेळ उभे राहिले. इरा आठ पावलांवर होती, ती वळली नाही.

हे सगळे मला हवे होते, अगदी असेच. मी घरून निघतानाच ठरवले होते की त्यांना पाणीसुद्धा विचारायचे नाही. विचारले नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

इरा पेटी घेऊन आली.

माझी लोखंडी पेटी. हिरवा रंग उडालेला. प्रतापसिंहरावांनी निगेटिव्ह परत पाठवल्या. तिने ती टेबलावर ठेवली आणि शेजारी किल्ली ठेवली. कुलूप पितळी, तेच. मी त्याच्यावरून बोट फिरवले. एक ओरखडा नव्हता. चोर हुशार होता, असे मनात आले.

“आबा म्हणाले, किल्लीसकट आली होती, किल्लीसकट जाऊ दे. आणखी काही म्हणाले नाहीत. मी सांगत होते, काय ते सांगा, तर म्हणाले, ‘तिने जे पाहिलं ते पुरे.’”

किल्लीला दोरा होता. सुताचा, जुन्या हळदीने पिवळा पडलेला. तीन वेढे, वर ब्रह्मगाठ. बडोद्यात सगळे पुरुष जानव्याला किल्ल्या बांधत. पण वेढे मोजून, टोक आत दडपून, अशी गाठ एकच माणूस मारायचा. माझ्या वेण्यांच्या रिबिनीही तो तशाच बांधायचा, शाळेला जाताना, आई आजारी असली की.

इरा खिडकीत ओढणी ओढताना बघत होती, तशी माझ्याकडे बघत होती.

“निरुआजी,” ती म्हणाली, “चोरलेल्या पेटीची किल्ली कशी असते?”

“चहा घेशील?”

“निरुआजी.”

“त्यांनाच विचार,” मी म्हणणार होते. शब्द तोंडापर्यंत आले होते. मी आत जाऊन चहा टाकला. दूध उतू गेले. बाहेर आले तेव्हा ती दारात चपला घालत होती. “घरी जाते,” म्हणाली. “आबांना जेवायला वाढायचंय.” आणि मला वाकून नमस्कार करून गेली. डोळे पुसत नव्हती. पाहायला मीच शिकवले तिला, आता ती थांबणार नाही.

२ फेब्रुवारी

सकाळी देवापुढे दिवा लावला. नानांची तसबीर शेजारीच आहे. हसरी आहे.

मी प्रतापसिंहरावांना माफ केलेले नाही. त्यांनी भर अंगणात स्वतःच्या तोंडाने सांगितले आहे : लोभ झाला, घेतले. नातीसमोर सांगितले, प्रकाशकासमोर सांगितले. इतकी वर्षे माझ्या वाटचे हार घालून घेतले, ते तर खोटे नाही? माणसाला कुठेतरी राग धरावा लागतो. मी तो योग्य जागी धरला आहे. तो तिथेच राहील. वयाच्या साठीला मी नवी जागा शोधणार नाही.

शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली. गाठ सोडवता आली असती. त्या गाठी मला सोडवता येतात, रोज दुपारी शाळेतून आल्यावर मीच सोडवत असे. कापली. दोरा दिव्यात वातीसारखा धरला. जुने सूत, भुर्रकन जळाले.

किल्ली पुसून पेटीजवळ ठेवली. आता ती कुणाचीही असू शकते.